पुढच्या सोमवारी

राहिलेली कामं मी स्वतःलाच मेल करते. काम उरकलं, की ती मेल ‘झालेली कामं’ या फोल्डरमध्ये टाकते.

‘आष्ट्याला जाऊन आईच्या गुडघ्यांना तेल लावणे’ ही मेल दिवाळीपासून दर सोमवारी वर यायची आणि मी ती पुढच्या सोमवारवर ढकलायची. साताऱ्याहून आष्टा असं लांब तरी किती?

आज ती आलीच नाही. शोधली, तर ‘झालेली कामं’मध्ये सापडली. मी टाकली नव्हती.

ऑफिसातूनच आईला फोन लावला.

“आई, मी संयोगिता.”



“आवं, कोन बोलताय तुमी? संयोगिता तर हितं माझ्या गुडघ्याला तेल लावतीया. थांबा हां, तिच्याकडं देते.”