कडं पडलंच नाही

"तुम्ही लोकांच्या तोंडाला पानं पुसताय, साहेब!" टूथपेस्ट कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी काचेची बशी मालकांच्या टेबलावर ठेवली. बशीत थुंकीतले जंतू वाढवून त्यांवर पेस्टचे दोन ठिपके दिले होते. दुसऱ्या कंपनीच्या ठिपक्याभोवती जंतू मरून स्वच्छ कडं पडलं होतं. आपल्या कंपनीच्या ठिपक्याला मात्र ते बिनधास्त खेटून बसले होते. "ट्यूबवर 'जंतूंचा नायनाट' छापायला माझी सही मिळणार नाही."

साहेब बशीकडे बघून हसले. "अहो बाई, इतकं घाणेरडं तोंड! हा माणूस आपली पेस्ट वापरतच नसणार."

"थुंकी तुमची आहे, साहेब. परवा सगळ्यांबरोबर तुम्हीही हौसेनं दिली होतीत. आता सांगा, वापरता की नाही?"