कितीसं राहिलंय?

फ्लाइट इंजिनियर म्हणून निवृत्त झाला, तरी फरामर्झ गाडीत मागच्या सीटवर मधोमधच बसायचा. लष्कराच्या मालवाहू विमानात दोन वैमानिकांच्या मागे त्याची तशीच जागा होती. युद्धात आघाडीजवळच्या अहवाझहून जखमी सैनिक आणताना त्यांच्यातलं कुणीतरी मागून त्याच्या खांद्यावर बोटं टेकवून विचारायचं, "दादा, कितीसं राहिलंय?" तो मागे न वळताच म्हणायचा, "आलंच."

आज भर दुपारी त्याची मुलगी शकूफे शिराझच्या रस्त्याने गाडी चालवत होती. शेजारी जावई सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. मागे फरामर्झ एकटाच.

त्याच्या खांद्यावर बोटं टेकली.

त्याने कॉलर सारखी केली, जरा पुढे सरकला. बोटं पुन्हा टेकली, या वेळी जोरात. पाठीमागे नुसती काच होती आणि काचेपलीकडे मोकळा रस्ता.

"बाबा, किती चुळबुळ करताय," जावई म्हणाला. "चहाला थांबू या का?"

"नको. गाडी थांबवू नका."

बोटं आता हटेनात. शर्टातून त्यांची ओल लागत होती. फरामर्झ मागे न वळता समोर बघत राहिला.

शकूफेने आरशात पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"बाबा, सांगा ना त्यांना किती राहिलंय ते. केव्हाचे विचारताहेत."