एक्केचाळीस अंश

ऑफिसात चाचणीला ठेवलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचपेटीतली बाहुली गार होती, तरी पडद्यावर एक्केचाळीस अंश दिसले. ऋजुतानं आपला प्रोग्राम उघडला. कॉम्प्युटरच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळे प्रोग्राम चालवणाऱ्या गाभ्यात, दशांशाचं गणित केलं की दुसऱ्या प्रोग्रामचे आकडे बिघडतात, हे ठाऊक असून लेकराला आणायला पाळणाघर गाठायच्या घाईत तिनंच ती ओळ लिहिली होती. आणि अशाच पेटीत आज सकाळी हॉस्पिटलात नऊशे ग्रॅमचं बाळ ठेवलं होतं.

तिनं हॉस्पिटलात फोन लावला. "सिस्टर, आकडा खोटा आहे! बाळाला बाहेर काढा!"

"कधीच काढलं, मॅडम. एक्केचाळीस बघून तुमचा हीटर आपोआप बंद. मी पोटाला हात लावला, तर पोर गारठलेलं. आता आईच्या छातीशी झोपलंय."

ऋजुतानं ती ओळ पुसली. मग पेटीत हात घालून बाहुलीच्या पोटावर ठेवला, तो काही केल्या काढवेना.