टाकीच्या सीनमधला आवाज

“सर, ठिणगी एवढी उंच उडते, मग तिचा आवाज मधेच धपकन खाली का पडतो?”

नववी ब च्या मागच्या बाकानं पैजच लावली होती, हिंमत असेल तर विचार. तेजश्रीनं विचारलं. तेही उभं राहून, दोन्ही वेण्या मागे टाकून. नेरूळच्या शाळेचं अख्खं सभागृह खिदळलं. पहिल्या रांगेतल्या प्रियदर्शिनीनं गर्रकन मान वळवली आणि तेजश्रीला तिखटमीठ लावलेली कैरी खाल्ल्यासारखं वाटलं.

‘ठिणगी’ हा कार्टून सिनेमा वाशीच्या एका छोट्या स्टुडिओनं काढला होता. विजेचा धक्का बसून उडायला लागलेली मुलगी, हीच त्यातली सुपरहीरो. आणि तिचा आवाज कुणाचा? नववी ब च्या प्रियदर्शिनीचा! गेला महिनाभर बाईसाहेब पोरींच्या कंपासपेट्यांवर सह्या करत होत्या. पाणीसुद्धा घसा जपत प्यायच्या. आणि महिनाभर तेजश्रीच्या पोटात भट्टी पेटली होती.

कारण आवाजाच्या चाचणीला तीही गेली होती. दीडशे मुलींत उभी राहिली होती. दिलेलं पान तिनं घडाघडा वाचलं, एक ‘ण’ चुकला नव्हता. मग तिथल्या माणसानं पान काढून घेतलं आणि म्हणाला, समोर एक मूल बुडतंय असं समज आणि ओरड. ती काहीबाही ओरडली. बास, चल पुढची! आणि बोलावणं आलं ते प्रियदर्शिनीला.

आज सिनेमा दाखवून झाल्यावर मराठीच्या बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले होते, गुण आणि दोष. दिग्दर्शक राजवर्धन सर स्वतः खडू घेऊन लिहीत होते. गुणांत खाडीवरचं उड्डाण होतं, मिठागरात उतरलेलं आभाळ होतं, आणि खलनायक धूरमल घाबरला की त्याचा धूर फिका पडतो तेही. हे सगळं झक्कास होतं. तेजश्रीनंही श्वास रोखून पाहिलं होतं, पण ते ती कुणाला सांगणार नव्हती. दोषांत ठिणगीचा झगा होता, पुढून लाल आणि मागून केशरी. तोंड मिटलं तरी वाक्य चालूच. आणि एवढा डोंगराएवढा धूरमल शेवटी मरतो कशानं, तर टेबलफॅननं!

“आवाज कुठे पडतो म्हणतेस?” सरांनी विचारलं.

“टाकीच्या सीनमध्ये, सर. ती छोटी मुलगी पाण्याच्या टाकीला लटकलेली असते, आणि आपली ठिणगी म्हणते,” तेजश्रीनं नाक मुरडलं, “‘भिऊ नको, मी हाय!’ हाय? सर, ही सुपरहीरो आहे की बाजारात कोलंबी विकणारी?”

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टीही मारली. प्रियदर्शिनी तडकन उठली. “सर, ते मी नाही म्हटलेलं! सांगा ना यांना!”

“नाहीच म्हटलेलं,” सर हसले. “ती एक ओळ प्रियदर्शिनीला जमेना. बावीस वेळा घेतली. दर वेळी वाटायचं, वक्तृत्वस्पर्धा चाललीय. शेवटी चाचणीच्या जुन्या कॅसेट काढल्या, तर एका मुलीचं हे वाक्य सापडलं. अंगावर काटाच आला! नावांचा कागद मात्र आमच्याकडून हरवला. सापडली, तर पुढच्या सिनेमात पूर्ण ठिणगी तीच.”

आणि त्यांनी गुणांच्या रकान्यात सगळ्यात वर लिहिलं, ‘मी हाय’.

प्रियदर्शिनीचं तोंड एवढंसं झालं. तेजश्रीला खरं तर नाचावंसं वाटायला हवं होतं. पण भट्टी विझली नाही, तिनं नुसती जागा बदलली. कोण ही? एका वाक्यावर अख्खा सिनेमा? तोही असल्या जाड, घोगऱ्या आवाजाला?

“असेल खाडीकडच्या गावातली एखादी,” मागचा बाक म्हणाला. “मासळीची पाटी घेऊनच येईल बघ स्टुडिओत.”

सगळ्या हसल्या. तेजश्री सगळ्यांत मोठ्यानं हसली.

शाळा सुटल्यावर पोरी सेक्टरातल्या बिल्डिंगींकडे वळल्या. “तू नेहमी इथेच कशी गं कटतेस? एकदा घरी तरी ने,” एक म्हणाली.

“नेईन ना. आज वाण्याकडे जायचंय,” तेजश्री म्हणाली. त्या दिसेनाशा होईपर्यंत ती दुकानाशी उगाच बडीशेपेच्या पुड्या बघत राहिली. मग उलट्या वाटेला लागली. वाटभर ती त्या न पाहिलेल्या मुलीवर जळत होती. त्या मुलीला ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक कुणी शिकवला नसेल. आरशासमोर उभं राहून ‘आहे, आहे, आहे’ असं शंभरदा घोकावंही लागलं नसेल तिला. ओरडली आणि झालं!

घरापाशी पोचली तर ओरडा ऐकू आला. वरच्या मजल्याचं बांधकाम चालू होतं. धाकटी बहीण गोजरा गवंड्याच्या शिडीवरून वर चढली होती, शिडी घसरली होती आणि पोर स्लॅबच्या कडेला लोंबकळत होती. अंगणात कोलंबी सोलत बसलेली आई सूप उलटं करून उठली होती.

“तेजे, धाव गो!”

दप्तर फेकून तेजश्री विटांच्या ढिगावर चढली, दोन्ही हात वर केले आणि ओरडली, “भिऊ नको, मी हाय!”

गोजरा धपकन तिच्या मिठीत पडली. सहीसलामत. मागच्या दारानं वडील धावत आले. आईनं गोजराला उचललं, आधी पापा घेतला, मग धपाटा घातला. तेजश्री मात्र विटांवरून उतरेना. तोंड अर्धवट उघडं ठेवून ती तशीच उभी होती, जणू दुसरंच कुणीतरी आत्ता तिथे ओरडून गेलं होतं.

“काय झाला गो? लागला का तुला?” आईनं विचारलं.

“आये, बाबा,” तेजश्री म्हणाली, “उद्या मी वर्गातल्या सगल्या पोरींना घरी आननार हाय. आनि त्यांच्यासमोरच त्या सिनेमावाल्या सरांना फोन लावनार हाय. सांगनार, ती मी हाय.”