कादंबरीतली विहीर

“हाई पुस्तक परत ल्या, भाऊ,” आक्काबाईंनी कादंबरी टेबलावर ठेवली. “मन नही भरनं.”

ग्रंथपाल लीलाधरच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. ‘रेतीतली हवेली’ म्हणजे त्या वर्षी, अडुसष्ट साली, हातोहात खपलेली कादंबरी. मारवाडातल्या एका जैन घराण्याच्या सुनेची कहाणी. धुळ्याच्या वाचनालयात तिच्यासाठी अठ्ठावीस जण नाव लावून बसले होते. शेवटी ती सून जाचाला कंटाळून विहिरीत उडी घेते, तिथे खुद्द लीलाधर दोनदा रडला होता. आणि बौद्धवाड्यातल्या या साठीच्या बाईचं मन म्हणे भरलं नाही.

“काय आवडलं नाही, आक्का?” त्याने जरा घुश्शातच विचारलं.

“ह्या पुस्तकनी सून सासूसंगे तोंड वर करीसन भांडस. तठे नवी सून सासूसंगे बोलसच नही. काही सांगनं व्हयनं तं घरना लहान पोरले सांगस, ते ऐकीसन सासू जवाब देस.”

“आणखी?”

“आनि ती विहीर. तठे पानी गाळीसन पेतस. गाळण्यामा जे बारीक जीव ऱ्हातस, ते परत त्याच विहिरमा सोडतस, मरू नहीत म्हनीसन. रोज हाई करनारी बाई त्याच विहिरमा जीव देई का? बठ्ठा गावनं पानी खराब व्हई.”

लीलाधर चाट पडला. त्याच्या गल्लीत निम्मी घरं मारवाड्यांची, पण पाणी गाळल्यावर त्या फडक्याचं काय करतात हे वीस वर्षांत त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्याने शेजारच्या दलिचंद शेठना विचारलं. शेठ म्हणाले, “खरं आहे. तिकडे जुन्या घरांतून अजून पाळतात. पण तुम्हाला कोणी सांगितलं?”

पुढच्या खेपेला आक्काबाई आल्या तेव्हा त्याने आपणहून खुर्ची दिली.

“आक्का, तुम्ही मारवाड्यांकडे कामाला होता का?”

“आम्हले कोन पानीजवळ जाऊ देस, भाऊ?” त्या हसल्या.

“मग यादवभाऊंबरोबर तिकडे गेला असाल.” त्यांचा नवरा यादव रेल्वेच्या कामावर उमेदीत चार मुलूख हिंडलेला.

“त्यासनासंगेच दुनिया देखी,” एवढंच त्या म्हणाल्या.

लीलाधरला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं. आगगाडीतून, लांबून, चार दिवस पाहिलेलं या बाईने असं टिपून ठेवलं होतं, आणि तीनशे पानं लिहिणाऱ्याला ते दिसलं नव्हतं. ज्या पुस्तकावर त्याने इतके दिवस जीव टाकला, ते आता त्याला पोकळ वाटू लागलं.

त्याच महिन्यात कादंबरीकार रिसबूड व्याख्यानासाठी पुण्याहून येणार होते. नवी आवृत्ती छापायला जायची होती. हे कळताच आक्काबाईंनी लीलाधरच्या मागे टुमणं लावलं.

“बाकी ऱ्हाऊ द्या. शेवट बदलाले सांगा. त्या पोरीले विहिरमा टाकू नका म्हना.”

तीनदा येऊन त्यांनी हेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा लीलाधरने शब्द दिला की भेट घडवून आणतो.

व्याख्यान झाल्यावर त्याने रिसबुडांना आतल्या खोलीत चहाला बसवलं आणि आक्काबाईंना समोर आणलं. मोठा माणूस, चिडला तर काय घ्या, म्हणून तो दाराशीच थांबला. पण रिसबूड खरंच मोठे निघाले. त्यांनी वही काढली आणि आक्काबाई सांगतील ते सगळं लिहून घेतलं.

“सासू-सुनेचा प्रसंग बदलतो. पाणी गाळण्याचंही घालतो,” ते म्हणाले. “तुमच्यासारखा वाचक मला पुण्यात भेटला नाही. पण आजी, शेवट बदलता येणार नाही. तो माझा नाहीच. खरा घडलेला आहे.”

“तुमी देखा का?”

“मी नाही. माझे वडील त्या गावात डॉक्टर होते. घरातली धाकटी सून एका पहाटे नाहीशी झाली. विहीर दोनशे हात खोल, खाली कोण उतरणार? पण काठावर तिचे पैंजण नीट काढून ठेवलेले सापडले. त्यावरूनच सगळं गाव काय ते समजलं. मग मी तिला जिवंत कशी ठेवू?”

आक्काबाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं.

“उडी माराकरता नही काढात, भाऊ,” त्या म्हणाल्या. “वाळूमा चालतांना वाजतीन म्हनीसन मीच काढी ठेवात.”