कौतिकबाईंचे हातमोजे

"काकू, डावा हात पुन्हा भरकटला बघा," निरंजन वैतागून म्हणाला.

तालुक्याच्या संग्रहालयात दर शनिवारी तो गोधडीचा वर्ग घेई. कपाटातले हातमोजे चढवले, की त्यांत रेकॉर्ड करून ठेवलेले, कधीच्याच वारलेल्या बायकांचे हात शिकणाऱ्याच्या हातांकडून टाके घालून घेत. कौतिकबाई घोलपांचे मोजे तेवढे नाठाळ. चार टाके झाले, की डावा हात सुई-कापड सोडून शेजारची सतरंजी हलकेच थोपटत बसे.

"रेकॉर्डिंगमध्येच दोष आहे. उद्या तेवढा भाग पुसून टाकतो."

रंजनाकाकूंनी मान वर केली. साठी उलटलेल्या या बाई दर वेळी हेच मोजे मागून घेत, आणि त्यांची गोधडी काही वीतभर पुढे सरकत नसे.

"दोष नाही हो, सर. आईचे हात आहेत हे. लहानपणी ती टाके घालायची, तेव्हा मी शेजारी निजलेली असायचे. ती सवय तिच्या हातांची म्हातारपणीही सुटली नाही."

काकूंनी मोजे काढले, निरंजनच्या हातांत चढवले आणि त्याच्या डाव्या बाजूला सतरंजीवर आडव्या झाल्या.

"हं, घाला आता चार टाके," त्या डोळे मिटून म्हणाल्या.