अंगडं पुरेना

"खा गं, दोन जिवांची आहेस. आपल्या घरात किरकोळ मूल जन्मत नाही." सासूबाईंचा तो तुपात भिजलेला आवाज चाळीस वर्षं झाली तरी वसुंधराबाईंच्या कानातून गेला नव्हता.

आज तेच शब्द नणंद म्हणत होती. सासूबाई जाताना पाटल्या थोरल्या सुनेला देऊन गेल्या आणि आवाज लेकीला, विमलला.

दांडिया बाजारातल्या घरी सून चारुलताचं डोहाळजेवण रंगात आलं होतं. पोट असं, की अकोट्याच्या पाहुण्यांनी दारातूनच दाद दिली. कालच तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. साखर खूप वाढलेली. आईच्या रक्तातली साखर बाळाला पोचते, ते नको इतकं वाढतं, तेव्हा गोड बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घराने रिपोर्ट निकालासारखा वाचला. आकडा मोठा, म्हणजे सून पहिल्या वर्गात पास.

"गुजरातेत राहून साखरेला भितो, तो कसला डॉक्टर?" विमलताईंनी डिंकाचा लाडू उचलला. "इथे वरणातसुद्धा गूळ असतो."

"आत्या, मला खरंच नको."

"तुला कोण देतंय? मी बाळाला देतेय."

रिफायनरीत थेंबाथेंबाची तपासणी करणारा मुकुंद बायकोला म्हणाला, "खा गं, एका लाडवाने काय होतंय?"

"आणि वहिनीला तर डिंकाचा लाडू नजरेसमोर नको," विमलताई म्हणाल्या. सगळे हसले. घरातला जुना विनोद होता तो.

बायकांनी गाणं धरलं.

बाळ भरदार माझं गं, अंगडं पुरेना त्याला,
पाळणा गं रुंद करा, सांगा कुणी सुताराला.

चारुलताने नाइलाजाने तोंड उघडलं. वसुंधराबाई उठल्या आणि त्यांनी नणंदेचं मनगट धरलं. गाणं अर्ध्यावर थांबलं.

"काय गं आई?" मुकुंद म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"वन्सं, तुम्ही तेव्हा परकरात होता. मुकुंदच्या आधी मला एक झाला होता. इतका भरदार, की खांद्याशी अडला. शिवलेलं अंगडं खरंच पुरलं नाही त्याला. सगळ्यांनी कौतुक केलं. तो रडलाच नाही."